पट्टीची सपाटी कशाने मोजायची: बुटीबोरीतल्या एका रिव्हर्सिंग मिलवरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

मिल: फोर-हाय रिव्हर्सिंग (एकावर एक चार रोल, पट्टी त्यातून पुढे-मागे फिरवून पातळ करायची), पट्टीची रुंदी ६५० मिमीपर्यंत, जाडी २ मिमीपासून ०.५ मिमीपर्यंत, माल सीआरसीए (थंड रोल करून मग तापवून मऊ केलेलं पोलाद). चाचण्या २०० मीटर प्रति मिनिट वेगाने घ्यायच्या. मिलवर सपाटी मोजायचं एकही साधन नाही. ऑपरेटर डोळ्याने बघतो आणि वेग कमी असताना लाकडी काठीने पट्टीवर टकटक करून कुठली कड ढिली आहे ते आवाजावरून ओळखतो. काठी आता बंद करायची आहे. चालत्या पट्टीजवळ हात नेणं हेच एक कारण त्यासाठी पुरे.

तीन पद्धती शेजारी शेजारी ताडून बघायच्या आहेत: लेझरने लहर मोजणं, हवेने पट्टी हलवून एडी-करंट सेन्सरने (चुंबकीय क्षेत्राने, न टेकता धातूचं अंतर मोजणाऱ्या) तिचं हलणं मोजणं, आणि रिंगांचा रोल लावून प्रत्येक पट्ट्यातला ताण मोजणं. तयार यंत्रणा बाजारात आहेतच. आसिया (ASEA, आताची एबीबी) कंपनीचा ताण मोजणारा रोल, स्ट्रेसोमीटर, १९६७ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनच्या ॲल्युमिनियम मिलवर पहिल्यांदा बसला. क्वार्ट्झ सेन्सरचे रोल आहेत, एअर-बेअरिंगवर फिरणाऱ्या रिंगांचे आहेत, सिमेन्सने आणलेली एसआय-फ्लॅट (SI-FLAT) पद्धत हवेच्या खेचीवर चालते. एवढ्या छोट्या मिलला ती किंमत परवडत नाही, म्हणून तत्त्व तेच ठेवून जुळणी इथेच करायची.

एकक सगळीकडे आय-युनिट. एक आय-युनिट म्हणजे लांबीत एक लाखात एक भाग फरक. पोलादात त्याचा ताण होतो साधारण २.१ मेगापास्कल, ॲल्युमिनियमवर काम करणाऱ्यांनी ०.७ धरावा. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक नोंदीत लागतात.

८ फेब्रुवारी

सेन्सर विकत घेण्याआधी खरं उत्तर काढायची पद्धत हवी. नाहीतर तीन यंत्रं तीन आकडे दाखवतील आणि भांडण मिटणार नाही.

पद्धत अशी ठरली. कॉईलमधून अडीच मीटरचा तुकडा कापायचा, टेबलावर ठेवून २४०० मिमी अंतरावर दोन आडव्या रेघा सुईने ओढायच्या, मग शिअरिंग मशीनवर ५० मिमी रुंदीच्या १२ फिती कापायच्या. प्रत्येक फीत सरळ ताणून रेघेपासून रेघेपर्यंतची लांबी मोजायची. जिथली फीत लांब, तिथे पट्टी ढिली.

पहिला प्रयत्न स्टीलच्या टेपने केला आणि दिवस वाया गेला. २४०० मिमीवर एक आय-युनिट म्हणजे ०.०२४ मिमी. टेपवर अर्ध्या मिमीची चूक सहज होते, म्हणजे २० आय-युनिट गेलेच.

१२ फेब्रुवारी

जुन्या प्लेनरचा बेड वापरला. एका टोकाला फीत क्लॅम्प करायची, दुसऱ्या टोकाला पुलीवरून ५ किलोचं वजन सोडायचं, दोन्ही रेघा खुणेच्या पट्टीसमोर आणून खिशातल्या मायक्रोस्कोपने वाचायच्या. वजनामुळे फीत जरा ताणली जाते, पण सगळ्या फिती सारख्याच ताणल्या जातात, त्यामुळे फरकात ते येत नाही. एकच फीत पाच वेळा मोजली, उत्तर ३ आय-युनिटच्या आत राहिलं. आम्हाला एवढं पुरतं.

दोन गोष्टी सांभाळा. मोजण्यासाठी कापलेल्या टोकांचा आधार घेऊ नका, शिअरचा काप कधीच काटकोनात नसतो. म्हणून रेघा आधी ओढायच्या. आणि सगळ्या फिती किमान तासभर एकाच जागी पडू द्या. एका अंशाच्या फरकाने पोलाद १.२ आय-युनिट वाढतं. एक फीत हातात धरून बोलत उभं राहिलं तरी आकडा हलतो.

मुद्दाम डाव्या बाजूला ढिली ठेवून एक कॉईल काढली, ०.६ बाय ६०० मिमी. टेबलावर डाव्या कडेची लहर ५ मिमी उंच, ४०० मिमी लांब. सूत्र: पाय (π) गुणिले उंची भागिले लांबीची दुप्पट, त्याचा वर्ग, गुणिले एक लाख. उत्तर ३८.६. फितींवरून आलं ३६. मेळ चांगला.

उजव्या कडेला टेबलावर लहर २ मिमी उंच, ५०० मिमी लांब होती. सूत्राने ४ येतात, फिती म्हणतात ९. लहर बारीक असली की पत्रा स्वतःच्या वजनानेच टेबलावर बसतो. त्यामुळे टेबल आणि फीलर गेजने केलेली तपासणी २०–२५ आय-युनिटच्या वर भरवशाची, त्याखाली ती दोष कमी दाखवते. इथून पुढे खरं उत्तर म्हणजे फितींचं.

१७ फेब्रुवारी ते ५ मार्च: लेझर, मिलवर

पाच लेझर अंतर-सेन्सर एका बीमवर, डिफ्लेक्टर रोलच्या (पट्टीची दिशा वळवणाऱ्या) आधी, पट्टीच्या वर. सेन्सर, बीम, ब्रॅकेट, केबल मिळून साडेचार लाख.

पहिल्याच दिवशी अर्ध्या वेळा सिग्नल गायब. पट्टी चकचकीत, वर इमल्शनचा (थंड ठेवायला सोडलेल्या तेल-पाण्याचा) थर. साध्या सेन्सरला पसरून परतणारा उजेड लागतो, इथे तो आरशासारखा एकाच दिशेला जातो. चकचकीत पृष्ठासाठीचे सेन्सर बदलून आणले, त्यात ६० हजार वाढले. बीमच्या आधी रबरी वायपर आणि हवेची सुरी लावली. सिग्नल नीट आला.

मग पाचही सेन्सरच्या आलेखाच्या रेघा सपाट! तीच मुद्दाम ढिली काढलेली सेटिंग, फितींवर ३६ आणि लेझरवर २ च्या आत. आठ दिवस आम्ही केबल, फिल्टर, सॅम्पलिंग यात शोध घेतला. दोष त्यात नव्हताच.

मिलवर पट्टी १०० मेगापास्कलने ताणलेली असते. १०० भागिले २.१ म्हणजे जवळपास ४८ आय-युनिट. त्याच्या आतला दोष ताणाखाली ओढून सरळ होतो. लांबीतला फरक तिथेच असतो, फक्त लहर म्हणून उमटत नाही, ताणातला फरक म्हणून दडून बसतो. लेझरने जे होतं तेच दाखवलं, पट्टी तिथे खरोखर सपाट होती. ताण सुटल्यावर गिऱ्हाईकाच्या प्रेसवर ती लहरणार.

म्हणून सेन्सरचं कॅटलॉग उघडण्याआधी बसवायच्या जागी ताण किती आहे ते मोजा आणि २.१ ने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा बारीक दोष हवा असेल तर तिथे लहर बघणारं कुठलंही साधन निरुपयोगी, मग ते कितीही महाग असो. ही आकडेमोड आम्ही १७ फेब्रुवारीला केली असती तर १६ दिवस वाचले असते.

१० मार्च: लेझर, स्लिटिंग लाईनवर

तोच बीम स्लिटिंग लाईनच्या (जिथे पट्टी उभी चिरून अरुंद करतात) आत येणाऱ्या बाजूला नेला. तिथे ताण १२ मेगापास्कल, म्हणजे ५–६ आय-युनिटच्या वरचा दोष दिसायला हवा. दिसला. पण आता सगळ्याच रेघा २० ते २५ आय-युनिट जास्त.

कारण सापडायला दोन दिवस लागले. लाईनचा वेग ४० मीटर प्रति मिनिट, सेकंदाला १०० वाचनं, म्हणजे दर ६.७ मिमीला एक. लांबी काढताना प्रत्येक दोन वाचनांमधलं तिरपं अंतर जोडत जातो. तेलाच्या डागांवर वाचन ०.१ मिमी वरखाली होतं. हा वरखालीपणा कधीच वजा होत नाही, नेहमी लांबीत भरच घालतो. हिशेब केला तर २२ आय-युनिट नुसत्या गोंगाटाचे. वाचनं दाट केली तर आणखी वाढतात. सॅम्पलिंग वाढवून अचूकता येईल असं वाटणाऱ्यांनी इथे सावध राहावं.

उपाय: लांबी काढण्याआधी ५० मिमीची सरासरी. त्याने ४०० मिमीची लहर सुमारे ५ टक्के कमी दिसते, ते चालतं. पट्टीचं एकूण वरखाली उडणं पाचही रेघांवर सारखं येतं म्हणून सगळ्यात आखूड रेघ शून्य धरून बाकीच्यांतून वजा केली.

आता फिती ३६, लेझर ३३. फिती १४, लेझर १०. ताणामागे लपणारा भाग धरला तर हे बरोबरच आहे. लेझर इथेच राहणार, माल बाहेर जाण्याआधीची तपासणी म्हणून. मिल चालवायला त्याचा उपयोग नाही, कारण तो सांगेपर्यंत कॉईल गुंडाळून झालेली असते.

१८ मार्च: हवा आणि एडी-करंट

मिलच्या उजव्या बाजूला, रोलच्या चाव्यापासून (जिथे पट्टी दोन रोलमध्ये दाबली जाते) डिफ्लेक्टरपर्यंत २.४ मीटरचा मोकळा पट्टा आहे. मधोमध पट्टीखाली ३०० मिमी रुंद खाच असलेली प्लेट, त्याखाली ब्लोअरची सक्शन आणि फिरता फ्लॅप. फ्लॅप उघडला की पट्टी खाली खेचली जाते, मिटला की वर येते. प्लेटमध्ये सात एडी-करंट सेन्सर. जिथे ताण कमी तिथे पट्टी जास्त हलते. पट्टीला काहीच टेकत नाही, हा याचा मोठा गुण. ब्लोअर आणि डक्टिंगचा पत्रा नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून आणला, सेन्सर बाहेरून. एकूण ३ लाख १० हजार.

०.६ मिमी पट्टीवर हलणं ०.३ मिमीच्या आसपास. सेन्सर ०.०२ मिमीचा गोंगाट देतात. सुरुवात आशादायक.

२४ मार्च

पहिल्या पासनंतर (पास म्हणजे मिलमधून पट्टीची एक फेरी) ताण कमी करून बघितलं, २० मेगापास्कल. आकडे सैरभैर झाले, पट्टी प्लेटवर आपटली आणि दोन सेन्सरची टोकं फुटली. ३८ हजारांचं नुकसान.

फ्लॅप १० हर्ट्झवर चालत होता. १०० मेगापास्कलला या पट्ट्याची स्वतःची कंपनसंख्या २३ हर्ट्झच्या वर आहे, म्हणून तेव्हा काही झालं नाही. २० ला ती साडेदहावर येते. आपणच पट्टीला तिच्या तालात झोके देत होतो.

फ्लॅप ४ हर्ट्झवर आणला. सेन्सर प्लेटच्या पातळीपेक्षा २ मिमी आत बसवले आणि कडेला नायलॉनच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे पट्टी टेकली तरी आधी नायलॉनवर टेकेल. आता एका उत्तराला पाच झोके लागतात, म्हणजे सव्वा सेकंद. तेवढ्यात २०० च्या वेगाने चार मीटरच्या वर पट्टी निघून जाते. कॉईलभर टिकणारा दोष दिसतो, रोल बेंडिंग (रोल किंचित वाकवणं) बदलल्यावर लगेच काय झालं ते दिसत नाही.

२ एप्रिल

ग्रेड बदलला की एडी-करंटचं कॅलिब्रेशन बदलतं. पोलाद चुंबकीय, आणि पास वाढत जातात तशी पट्टी कडक होऊन चुंबकीय गुणही सरकतात. प्रत्येक पाससाठी वेगळा तक्ता करावा लागला. हलण्याच्या मापात त्याचा परिणाम थोडा, पण सात सेन्सरपैकी कडेच्या दोघांसमोर पट्टी अर्धवट असली की चूक मोठी होते.

२ मिमीवर ही जुळणी चालतच नाही. जाडी तिप्पट, तेवढाच ताण धरला तर हलणं एक-तृतीयांश, ०.०९ मिमी. गोंगाट तोच ०.०२. उत्तराला अर्थ राहत नाही. खेच वाढवावी तर ब्लोअर दुप्पट मोठा हवा.

पातळ माल, पृष्ठावर एकही ओरखडा चालत नाही, ताण स्थिर: अशा ठिकाणी ही पद्धत चांगली. आमच्याकडे तिन्हीपैकी एकही गोष्ट पूर्ण नाही. काढून ठेवली.

७ एप्रिल: रिंगांचा रोल, जुळणी

डाव्या बाजूचा डिफ्लेक्टर काढून त्या जागी. पोकळ स्थिर शाफ्ट, त्यावर १२ रिंगा. रिंग २०० मिमी व्यासाची, ५० मिमी रुंद, दोन रिंगांमध्ये २ मिमी फट. म्हणजे दर ५२ मिमीला एक झोन. प्रत्येक रिंगेत दोन पातळ बेअरिंग, त्यांच्या आत स्लीव्ह, स्लीव्ह शाफ्टमधल्या खिशातल्या २ किलोन्यूटनच्या बटन लोडसेलवर (भार मोजणाऱ्या सेन्सरवर) टेकलेला. शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे स्लिपरिंग लागत नाही, तारा शाफ्टच्या पोटातून सरळ बाहेर. रिंगा ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाच्या, ५८ ते ६० एचआरसीपर्यंत (कडकपणाचं माप) कडक केलेल्या. लोडसेल, ॲम्प्लिफायर, मशिनिंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग धरून ७ लाख ४० हजार. तिन्हीतला हा सगळ्यात महाग.

लोडसेलचा अक्ष उभा नको. पट्टी रोलवर जेवढी वळते त्या कोनाच्या मधोमध जोर येतो, अक्ष त्या रेषेत हवा. पहिल्या शाफ्टमध्ये खिसे सरळ वर पाडले होते. तो शाफ्ट बाद, ४२ हजार गेले.

१९ एप्रिल

हार्डनिंगनंतर रिंगा ०.१५ मिमीपर्यंत अंडाकृती झाल्या. भिंत फक्त १२ मिमी, व्हायचंच होतं. प्रत्येक रिंग वेगळी मँड्रेलवर (पकडायच्या दांड्यावर) चढवून ग्राइंड केली.

०.६ मिमीवर उत्तर छान. २ मिमी चढवली तर ५ नंबरचा झोन जास्त, ४ आणि ६ कमी. तिघांची बेरीज मात्र जेवढी असायला हवी तेवढीच. खरा दोष असा करवतीच्या दातांसारखा येत नाही, तो पसरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजलं: ५ नंबरची रिंग शेजाऱ्यांपेक्षा ०.०४ मिमी मोठी. पातळ पट्टी उंच रिंगेवरून मऊपणे वळसा घेते. जाड पट्टी आडव्या दिशेने ताठ असते, ती उंच रिंगेवर टेकते आणि शेजारच्या रिंगांवरचा भार उचलून घेते.

सगळ्या रिंगा एकाच मँड्रेलवर दाबून एकत्र ग्राइंड केल्या. फरक ०.००५ च्या आत आला, दात गेले. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं.

२६ एप्रिल

कॉईलच्या सुरुवातीला आकडे स्थिर, शेवटाकडे थरथरणारे. कॉईल गुंडाळणारी रील पासलाईनच्या (पट्टी मिलमधून चालते त्या पातळीच्या) खाली आहे, पट्टी रोलवरून उतरून कॉईलवर जाते. कॉईल ५०८ मिमीची १२०० होते तसा कॉईलचा माथा वर येतो आणि रोलवरचा वळसा १५ अंशांवरून ५ अंशांवर उतरतो.

३६ किलोन्यूटन ताणाला १५ अंशांवर एका पूर्ण झोनवर ८१० न्यूटन येतात, ५ अंशांवर फक्त २७०. दोष काढताना आपण झोनचा भार सरासरी भाराने भागतो, त्यामुळे वळसा बदलल्याने तत्त्वतः फरक पडू नये. पण लोडसेलचं शून्य सरकतं, आणि ते सरकणं वळशाबरोबर कमी होत नाही. ४० न्यूटनची चूक १५ अंशांवर सव्वादोन आय-युनिट, ५ अंशांवर सात.

रोल आणि रीलच्या मध्ये वरून एक प्रेस रोल लावला, वळसा १६ अंशांवर बांधला. १५ पेक्षा कमीवर बांधता येणार नाही, कारण कॉईल लहान असताना पट्टी प्रेस रोलला सोडून देईल. आता प्रत्येक आय-युनिटला १८ न्यूटन मिळतात. शिवाय पट्टी नसताना, दर कॉईलला, शून्य नव्याने घेतो. बेअरिंग तापलं की स्लीव्ह फुगतो आणि दोन तासांत ४० न्यूटन सहज सरकतात, म्हणून ही सवय सोडायची नाही.

३० एप्रिल

९ नंबरचा लोडसेल मेला. २ मिमीच्या पहिल्या पासला एकूण ताण ७२ किलोन्यूटन, झोनला १७०० च्या वर, आणि पट्टी सुरू होतानाचा झटका त्यावर. २ किलोन्यूटनचा सेल एवढा झटका सोसत नाही. स्लीव्हखाली ०.१ मिमी फटीवर ठोकळा बसवला. त्यापुढचा भार ठोकळा घेतो. सेल बदलायला शाफ्ट उतरवावा लागतो, पूर्ण एक शिफ्ट जाते.

याच दिवशी ५० हर्ट्झचा गोंगाटही सुटला. लोडसेलच्या तारा डीसी ड्राइव्हच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेल्या होत्या. वेगळा जीआय पाइप, शील्डचं अर्थिंग फक्त पॅनलच्या टोकाला.

६ मे: कडेचा झोन

या नोंदीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

६०० मिमीची पट्टी १२ झोनवर ठेवली की मधले दहा पूर्ण झाकले जातात, ५२० मिमी. उरलेले ८० मिमी दोन कडांना ४०–४०. कडेच्या रिंगेवर ५२ पैकी ४० मिमीच पट्टी, म्हणून तिथला भार ५२ भागिले ४० ने गुणून वाढवून घेतो. कागदावर सोपं आहे.

दुपारच्या शिफ्टला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हा डावी कड ढिली दाखवतोय, पण पट्टी तर डावीकडे ताठ दिसून राहिली." स्क्रीनवर डावी ९ ने ढिली, उजवी ९ ने ताठ. त्याने स्क्रीनचं ऐकून टिल्ट दिला (रोलचा एका बाजूचा दाब वाढवला) आणि पुढची कॉईल खरोखर वाकडी गेली. फितींवर उजवीकडे १७.

पट्टी ८ मिमी उजवीकडे सरकली होती, बस. डाव्या रिंगेवर ४० चे ३२ मिमी राहिले, उजवीवर ४८ झाले. भार २० टक्क्यांनी कमी आणि जास्त. १०० मेगापास्कलच्या २० टक्के म्हणजे २० मेगापास्कल, २.१ ने भागले की साडेनऊ आय-युनिट. दोन्ही कडांमधला खोटा फरक १९. आपल्या मालाची मर्यादाच १५ आहे.

दोन्ही कडांना पट्टीची कड वाचणारे फोटो सेन्सर लावले, ते रोलच्या ३०० मिमी आधी, आणि झाकलेली रुंदी दर वाचनाला नव्याने मोजून भागाकार होतो. कड ०.५ मिमीत कळली तरी कडेच्या झोनची चूक सव्वा टक्का, म्हणजे अर्धा-पाऊण आय-युनिट. त्याशिवाय रिंगेवर १५ मिमीपेक्षा कमी पट्टी असेल तर तो झोन स्क्रीनवर रंगवायचाच नाही. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा रिकामी जागा बरी. ऑपरेटर एकदा फसला की पुढे खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही.

सेन्सरच्या काचेवर इमल्शनचा धूर बसतो. हवेची फुंकर चालू ठेवा, नाहीतर दोन दिवसांत कड ३ मिमी सरकलेली दिसते.

१४ मे

रिंगांमधल्या २ मिमीच्या फटीत लोखंडाचा भुगा आणि तेल यांचा काळा लगदा घट्ट बसला. ७ आणि ८ एकत्र फिरायला लागल्या, एकीचा भार दुसरीत. हाताने फिरवून बघितलं तर कळतं: मोकळी रिंग बोटाने ढकलली की दोन-तीन फेरे घेते, अडकलेली जागीच थांबते. शाफ्टच्या पोटातून अर्ध्या बारची हवा बाहेर सोडली, म्हणजे घाण आत येत नाही. आठवड्यातून एकदा केरोसीन आणि लाकडी पट्टीने फटी साफ. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, रिंगेच्या कडेला चरा पडला की तो प्रत्येक फेऱ्याला पट्टीवर उमटतो.

२३ मे: तापमान

बाहेर ऊन, शेडमध्ये दुपारी ४६ अंश. रोलवर पट्टी २ आय-युनिटच्या आत सपाट, दुसऱ्या दिवशी फिती म्हणतात दोन्ही कडा ८ ते १० ने ढिल्या. सलग चार कॉईल हेच.

मिलमधून निघताना पट्टीचा मधला भाग (पुढे नुसतं 'मध') कडांपेक्षा गरम असतो. गरम भाग फुगून लांब झालेला असतो, त्या अवस्थेत आपण सपाट केलं. थंड झाल्यावर मध आखडतो आणि कडा ढिल्या पडतात. ८ अंशांचा फरक म्हणजे साडेनऊ आय-युनिट. हिशेब जुळतो, आता तापमान मोजायचं.

इन्फ्रारेड गनने पट्टीवर नेम धरला तर ४४ दाखवते, आणि कॉईल हाताला भाजते. चकचकीत पोलाद स्वतःची उष्णता फार कमी फेकतं, गनला शेडच्या छताचं प्रतिबिंब दिसतं. योग्य जागा: पट्टी कॉईलवर जिथे टेकते ती चिंचोळी पाचर. त्या खोबणीत उजेड वारंवार आपटून आत अडकतो, त्यामुळे ती काळ्या भोकासारखी वागते. गन ब्रॅकेटवर बसवून पाचरीत रोखली: मध ९१, कडा ८३. मिल थांबवून टेकवायच्या थर्मोकपलने पडताळलं, २ अंशांत मेळ. गनचा ठिपका पाचरीपेक्षा मोठा असेल तर हे चालत नाही. लांबूनही बारीक ठिपका देणारी गन लागते.

२ जून

पीएलसीत (मिलच्या नियंत्रक संगणकात) लक्ष्य-वक्र, म्हणजे गरम असताना पट्टी कशी दिसायला हवी तो आकार, टाकला: मध ९ ने ढिला, कडा शून्य, मधे गोलाई. ऑपरेटरच्या स्क्रीनवर हे वजा करूनच दिसतं, त्याला सरळ रेघ सपाट दिसावी म्हणून. पहिल्या दिवशी लक्ष्य उलट्या चिन्हाने गेलं होतं, दोन कॉईल १८ ने बिघडल्या. वक्र टाकल्यावर पहिली कॉईल फितींवर तपासल्याशिवाय दुसरी चढवू नका.

११ जून: आठ कॉईलची तुलना

०.६ बाय ६०० मिमी. फितींशी फरक: रिंगांचा रोल, लक्ष्य-वक्रासह, सगळ्या कॉईलवर ४ आय-युनिटच्या आत. लेझर स्लिटिंग लाईनवर ३ ते ५ ने कमी, आणि नेहमी कमीच. हवा-एडीच्या मार्चमधल्या नोंदी परत काढून बघितल्या: मधल्या झोनवर ७, कडेला १५ पर्यंत.

२ मिमीच्या तीन कॉईल: रोल ६ च्या आत. लेझरला तिथे फारसं काम नाही.

रोल काळा डाग किंवा ओरखडा सोडतो का हे वेगळं तपासलं. रिंगा मोकळ्या असतात तोवर नाही. रिंग अडकली की लगेच.

२१ जून

पाऊस आला, शेडमध्ये ३२ अंश. कडा आणि मधल्या तापमानाचा फरक ८ वरून ११ वर गेला, बहुधा इमल्शन थंड झाल्याने कडा लवकर निवतात. फिती दोन्ही कडांना ४ ने ढिल्या. लक्ष्य-वक्र ९ वरून १३ केला. गन कायमची पाचरीत रोखून तिचा आकडा थेट वक्राला जोडायचं काम बाकी आहे. मध आणि कड अशा दोन गन लागतील, ब्रॅकेट तयार आहे. ३ नंबरच्या रिंगेचं बेअरिंग घरघरतंय, पुढच्या शटडाऊनला १२ ही बेअरिंगच्या जोड्या एकदम बदलणार, कारण शाफ्ट एकदा उतरवायचाच तर एका रिंगेसाठी शिफ्ट घालवण्यात अर्थ नाही.